पऱ्हाटी, तुराट्या, कुटार, सल... सगळं एकाच मशीनमध्ये घालून गॅस निघते का?

धसकट
राम राम मंडळी. वाचतो रोज, लिहितोय पहिल्यांदा, तेव्हा शुद्धलेखनावरून ठोकू नका.

आमची यवतमाळ जिल्ह्यात १२ एकर. ६ एकर कापूस, ४ एकरात सोयाबीन अन् तूर, २ एकर संत्रा. दोन बैल, एक गाय, एक म्हैस. दरवर्षी फेब्रुवारी आला की तोच देखावा, धुऱ्यावर पऱ्हाटीची (कापसाच्या वाळल्या झाडांची) गंजी, बाजूला तुराट्या (तुरीच्या काड्या), खळ्यात सोयाबीनचं उरलेलं कुटार (मळणीचा भुसा), बागेतली काढलेली सल (वाळक्या फांद्या) वेगळीच. थोडं चुलीला, थोडं कुंपणाला अन् बाकीच्याला एक दिवस संध्याकाळी काडी लावून मोकळं.

मागच्या आठवड्यात तालुक्याला कृषी प्रदर्शन होतं. तिथं एका मशीनवाल्यानं धरून बसवलं. म्हणे १० किलोवॅटचं गॅसिफायर आहे, काहीही टाका, मिक्स टाका, गॅस निघणार, इंजिन चालणार, विहिरीवरची मोटर चालणार, वरून घरात स्वयंपाकालाही पाइप टाकून देतो. किंमत सांगितली ती ऐकून बायको म्हणाली एवढ्यात दोन म्हशी अन् एक जावई येते.

तर प्रश्न असा की मिक्स म्हणजे खरंच मिक्स चालते का? की हेच सगळं बारीक करून गोबरगॅसमध्ये टाकलं तर जमेल? स्वतः चालवलं असेल त्यानं सांगा. यूट्यूबच्या लिंका नको, त्या सगळ्या पाहून झाल्या, त्यात सगळ्यांच्याच ज्योती निळ्या असतात.

टोच्या
जावई मिक्स चालतो का ते आधी विचारून घ्या.

फिटर
धसकटभौ, मी तीन वर्षं भंडाऱ्याकडे एका राईस मिलच्या गॅसिफायरवर होतो आणि नंतर एका खेड्यातल्या प्रोजेक्टवर, जिथे नेमकं तुमच्यासारखं "काहीही टाका" होतं. म्हणून जरा लांब लिहितो.

पहिलं म्हणजे तुमच्या प्रश्नात दोन वेगवेगळे गॅस आहेत. गोबरगॅस जिवाणू करतात, पाण्यात, हवेशिवाय, सावकाश. त्यात निम्म्याहून जास्त मिथेन. गॅसिफायरमध्ये जिवाणू-बिवाणू काही नाही, तिथे कोरडं लाकूड कमी हवेत अर्धवट जाळतात. निघतो तो प्रोड्युसर गॅस, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड वीसेक टक्के, हायड्रोजन पंधरा ते वीस, मिथेन दोन-तीन टक्के आणि निम्मा नुसता नायट्रोजन, हवेतून आलेला. त्यामुळे घनमीटरला हजार-अकराशे किलोकॅलरी, गोबरगॅसच्या पाव भाग धरा. साठवून ठेवायचा गॅस नाही हा, निघाला की तिथेच जाळायचा.

आता मिक्स. खेड्यातल्या त्या प्रोजेक्टवर सकाळी पऱ्हाटीचे तुकडे टाकले की मशीन गाणं म्हणायचं. अकरा वाजता कोणीतरी तुराट्या आणून ओतायचा, हाताएवढ्या लांब. त्या हॉपरमध्ये आडव्या अडकायच्या, वरचा माल वर लटकलेला आणि खाली पोकळी. गॅस एकदम पातळ व्हायचा, इंजिन खोकायचं. मग एकानं झाकण उघडून सळईनं ढोसायचं, धूर तोंडावर घ्यायचा. दुपारी कुटार आलं की उलटा प्रकार, ते पिठासारखं बसतं, हवाच खाली जात नाही. चिवट तर भाताचं तूस, त्यात वीस टक्के राख आणि ती जवळजवळ सगळी सिलिका. उष्णता वाढली की वितळून काचेसारखा दगड होतो, आम्ही तो छिन्नी-हातोड्यानं फोडून काढायचो. प्रत्येक मालाचं एकट्याचं जमवता येतं हो. जाळी बदला, हवा बदला, जमतं. पण तासातासाला माल बदलला की कशालाच जमत नाही.

आणि डांबर. माल ओला असला किंवा आतली आग थंड पडली की गॅसबरोबर टार येतं. इंजिनाला गॅस द्यायचा तर घनमीटरमागे १०० मिलिग्रॅमच्या आत पाहिजे. आमच्याकडे धुवायला पाण्याचा फवारा, मग भुश्श्याचा फिल्टर, मग कापडी फिल्टर. तरी दोन महिन्यात व्हॉल्व्ह चिकटला. आणि ते धुतलेलं काळं पाणी, फिनेलसारखा वास मारणारं, ते कुठे सोडायचं हे प्रदर्शनात कोणी सांगत नाही.

स्वयंपाकघरात हा गॅस अजिबात न्यायचा नाही. मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. टार धुऊन काढलं की उरलेला जो वास असतो तोही जातो. आमचा एक पोरगा पत्र्याच्या शेडमध्ये दार ओढून बसला होता थंडीचा, डोकं दुखतंय म्हणाला आणि उठताना पडला. नशीब की कोणीतरी बघितलं.

टोच्या
फिटर काका, हे वाचून माझ्या घरचा उदबत्तीचा धूरपण बंद केला मी.

शेणामातीची
फिटरदादांनी गॅसिफायरचं लिहिलंय, मी गोबरगॅसचं लिहिते. सासरी (सांगली) २ घनमीटरचा आहे, गेली अकरा वर्षं त्यावरच स्वयंपाक.

धसकटभाऊ, कुटार बारीक करून टाकू नका. आम्ही हौसेनं टाकलं होतं. शेण खाली जातं, काडी वर तरंगते आणि वर साय धरते, चांगली वीतभर जाड. खाली गॅस होतोय पण वर यायला वाट नाही. शेवटी दिरांनी बांबूनं फोडली, अंगणात दोन दिवस उभं राहता येत नव्हतं. पऱ्हाटी-तुराटी तर विषयच नाही, लाकडातलं लिग्निन हे जिवाणू खातच नाहीत, सहा महिन्यांनी तुकडा जसाच्या तसा बाहेर येतो.

कुटार बैलांना घाला, बैल ते बारीक करून, भिजवून, अर्धं पचवून देतो. त्याच्यापेक्षा चांगलं मशीन प्रदर्शनात मिळणार नाही :)

एक महत्त्वाचं. तुमच्याकडे संत्रा आहे म्हणून सांगते, गळालेली संत्री आणि साली टाकीत ढकलू नका. सालीतल्या तेलानं ते जिवाणू मरतात. माझ्या माहेरी मोसंबीची पोतीच्या पोती टाकली होती, आधी दोन दिवस गॅस भरपूर, मग शेगडी पेटेचना, आंबट वास. पोट बिघडलेलं सगळं.

बारीक सारीक
शेणामातीची तै, मग ते पुण्याचं मॉडेल? 'आरती' संस्थेच्या डॉ. आनंद कर्व्यांनी शेणाऐवजी खरकटं, सडकं धान्य, पेंड यावर चालणारा छोटा गॅस केला, २००६ साली त्याला ॲशडेन पुरस्कारही मिळाला. त्यांचं म्हणणं जिवाणूंना पिष्टमय आणि गोड द्या, दोन किलोत काम होतं, चाळीस किलो शेण कशाला.

शेणामातीची
@बारीक सारीक, तत्त्व बरोबरच आहे, शेण म्हणजे गाईनं आधीच खाऊन उरलेलं. पण त्याला रोज तेवढंच आणि तसंच खाणं लागतं. माझ्याकडे लग्नाच्या दुसऱ्या दिवशी वीस किलो भात आणि मग आठवडाभर काही नाही. असा माणूस पण आजारी पडतो.

चिपाड
फिटर साहेबांशी असहमत, थोडासा. मिक्स चालतच नाही असं म्हणू नका. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत राजवंशींच्या टीमनं नव्वदच्या दशकात हेच केलंय. उसाचं पाचट, चिपाड, बाजरीची ताटं, गोड ज्वारीची ताटं, म्हणजे सगळा हलका, फुसफुशीत माल, ज्याला गॅसिफायरवाले हात लावत नव्हते. लॅबमध्ये ७०० तासांवर चालवलं आणि नंतर एका कारखान्याची तेलावर चालणारी भट्टी पूर्ण ह्याच गॅसवर चालवून दाखवली. १९९७ ला पेपर आलाय. वर मालाच्या जवळपास चोवीस टक्के कोळसा उरायचा, त्यात शेण कालवून कांड्या करायच्या, चुलीला एक नंबर.

आमच्याकडे कोल्हापुरात अजूनही पाचट पेटवतात आणि वर राख भाकरीवर पडते म्हणून शेजाऱ्याला शिव्या देतात.

फिटर
चिपाडराव, तुम्हीच माझा मुद्दा लिहिलात की. *भट्टी*. गॅस गरम असतानाच बर्नरमध्ये गेला, टार पण त्यातच जळालं, धुवायची भानगड नाही. भट्टीला गॅस थोडा कमीजास्त झाला तरी चालतो, इंजिनाला नाही चालत. गूळ, हळद शिजवणं, वीटभट्टी, काजू, कापड प्रोसेस, उष्णता पाहिजे तिथे गॅसिफायर सोनं आहे. धसकटभौंना मोटर चालवायचीय. तिथे घोडं अडतं.

आणि तुमच्या त्या यादीत सगळा माल एका जातीचा आहे बघा, ताटं आणि पाला. पऱ्हाटीबरोबर कुटार नाहीये त्यात.

चिपाड
हां, हे मान्य. पण हळदीला जमेल की मग!

आजोबांची पिशवी
इंजिन चालत नाही कसं म्हणता! दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग झालं तेव्हा आपल्याकडे बशी कोळशाच्या गॅसवरच चालायच्या. माझे आजोबा रत्नागिरी लायनीला क्लीनर होते. गाडीच्या मागे हा एवढा उभा पिंप, त्यात लोणारी कोळसा. पहाटे उठून पेटवायचा आणि हाताने पंखा फिरवत बसायचं पाऊण तास, मग गॅस धरायचा. घाटात दम लागला की कंडक्टर म्हणायचा उतरा मंडळी. आजोबा सांगायचे की दुसऱ्या वर्गाचं तिकीट काढलेल्यांनी नुसतं चालायचं, तिसऱ्या वर्गानं ढकलायचं.

टोच्या
आत्ताही तसंच आहे, फक्त तिकीट ऑनलाइन काढतो.

फिटर
@आजोबांची पिशवी, दंडवत. पण बघा, *लोणारी कोळसा*. टार आधीच जाळून टाकलेलं, सारखे तुकडे, कोरडा. तेव्हाही कोणी पऱ्हाटी टाकत नव्हतं. आणि ताकद पेट्रोलच्या निम्म्यावर येते म्हणून तर घाटात ढकलायचं.

काळी आई
इथे सगळे गॅस गॅस करताहेत, जमिनीचं कोणी बोलत नाही. विदर्भाच्या जमिनीत सेंद्रिय कर्ब आधीच खाली गेलाय, त्यातून वर्षाला काड्या पण उचलून न्यायच्या, मग जमिनीनं खायचं काय? पऱ्हाटी श्रेडरनं बारीक करून शेतातच पसरा. शेण टाकीत घातलं तर निदान स्लरी तरी परत येते, नत्र शाबूत राहतं. गॅसिफायरमधून फक्त राख आणि थोडा कोळसा.

दुसरं, गुलाबी बोंडअळी. गॅसिफायरसाठी पऱ्हाटी वर्षभर धुऱ्यावर साठवणार म्हणजे न फुटलेल्या बोंडातल्या अळ्यांना बिनभाड्याची खोली. फरदड (हंगाम संपल्यावरही पाणी देऊन लांबवलेला कापूस) घेऊ नका, पऱ्हाटी उपटून नष्ट करा म्हणून कृषी खातं दरवर्षी घसा कोरडा करतंय आणि तुम्ही गंजी लावताय.

धसकट
काळी आई, तुमचं पटते, पण श्रेडर भाड्यानं मिळेस्तोवर पुढची पेरणी येते. चिमट्यानं उपटायला मजूर मिळत नाहीत अन् जे मिळतात ते पऱ्हाटी जळणाला घेऊन जातो म्हणत असतील तरच येतात. रोटावेटर मारला तर बुडखे तसेच राहतात, सरी पाडताना वखर उड्या मारते. अन् अळीचं म्हणाल तर मी काडी लावतो ते आळस म्हणून नाही लावत, त्यात हेही कारण आहे. पण गंजीचा मुद्दा माह्या डोक्यात आला नव्हता, खरं सांगतो.

फिटरभौ, त्या मशीनवाल्यानं प्रदर्शनात चालवून दाखवलं ना, निळी ज्योत होती. ते कसं काय?

फिटर
काय टाकत होता ते बघितलंत का?

धसकट
पोत्यात होतं काहीतरी. पोतं शिवलेलं.

हिशेबनीस
आकडे मांडू. एकरी टनभर वाळलेली पऱ्हाटी धरली तर ६ टन. तुराट्या आणि सल मिळून २ टन (उदार होऊन). एकूण ८ टन. लहान गॅसिफायरला युनिटमागे साधारण १.३ किलो कोरडा माल लागतो, म्हणजे सहा हजार युनिट आणि वर थोडे. १० किलोवॅट पूर्ण भरून चालवलं तर सहाशे तास, रोज आठ तास म्हणजे अडीच महिन्यात तुमची वर्षाची काडी संपली. बाकी साडेनऊ महिने मशीन ताडपत्रीखाली.

यात माल तोडणे (इंच-दीड इंच), वाळवणे (ओल वीस टक्क्यांच्या आत), साठवायला शेड, आणि पूर्णवेळ एक माणूस, हे धरलेलं नाही. डिझेल इंजिनच वापरणार असाल तर पूर्ण गॅसवर चालत नाही, तीस टक्क्यांच्या आसपास डिझेल लागतंच.

आणि समोर काय आहे? २०२४ पासून बळीराजा योजनेत साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला वीजबिल माफ. फुकट विजेशी स्पर्धा करणारं मशीन अजून निघायचंय.

चिपाड
फुकट आहे हो, पण असते कधी? रात्री दोन वाजता.

हिशेबनीस
मान्य. पण मग तुलना सौर पंपाशी करा, गॅसिफायरशी नको. बिहारमध्ये हस्क पॉवरनं २००७ पासून भाताच्या तुसावर गावंच्या गावं उजळली, नाव झालं, पुढे तेही सौरकडेच वळले.

जर्मनीची वहिनी
उशिरा आले, पण इकडचं सांगते. मी उत्तर जर्मनीत राहते, घरापासून सायकलवर पाच मिनिटांत दोन बायोगॅस प्लांट, हिरवे घुमट. देशभर ९ हजारांच्या वर आहेत. पण त्यात "कचरा" कितीसा, जास्त करून मका! खास गॅससाठी पेरलेला, कुट्टी करून मुरघास केलेला. टाकीला गरम पाण्याचे पाइप, मोठ्ठे ढवळणे, चाळीस अंशाच्या आसपास वर्षभर. सरकारनं वीस वर्षं विजेचा चढा भाव बांधून दिला म्हणून उभे राहिले. मग सगळीकडे मकाच मका झाला म्हणून लोकं ओरडायला लागली आणि २०१२ ला मक्यावर मर्यादा आणली.

इथल्याच व्हर्बिओ कंपनीनं पंजाबात संगरूरजवळ लेहरागागाला भाताच्या पेंढ्यावर प्लांट टाकलाय, २०२२ ला सुरू झाला, दिवसाला ३३ टन सीबीजीचा (शुद्ध करून दाबून भरलेला बायोगॅस). म्हणजे काडीपासून बायोगॅस होतो, पण फक्त *पेंढा*, तोही गठ्ठे बांधून शेकडो टन, नुसतं गोळा करायलाच यंत्रणा. पऱ्हाटी त्यांनाही नको.

बारीक सारीक
अवांतर: बायोगॅसचा इतिहास आपला जुना आहे. १८९७ साली मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यापासून गॅस काढून वापरत होते. जर्मनीचं काय घेऊन बसलात.

टोच्या
आता प्राचीन काळी विमानं गोबरगॅसवर होती असा प्रतिसाद येण्याआधी मी निघतो.

फिटर
धसकटभौ, एक करा. मशीनवाल्याला फोन लावा आणि सांगा, माझी ट्रॉली भरून आणतो, माझाच माल, जसा आहे तसा. तुमच्या मशीनमध्ये आठ तास चालवून दाखवा, इंजिनावर लोड देऊन. नुसती ज्योत नको. ज्योत दहा मिनिटं कोणीही दाखवतं.

वाचक नं. ४२
वाचनखूण साठवली आहे. पुढे काय झालं ते लिहा.

धसकट
दोन महिन्यांनी धागा वर काढतोय, माफ करा, हरभरा काढायला आला होता.

फोन केला. तो म्हणे आणा ना. मंग विचारलं पऱ्हाटी कशी आणू, तर म्हणे इंचभर तुकडे करून, उन्हात वाळवून. तुराट्या? त्याही तशाच, पण वेगळ्या पोत्यात. कुटार? कुटार नको. सल? बारीक फांद्या अन् पाला काढून जाड तेवढ्या आणा. म्हटलं मंग मिक्स काय राहिलं? तर म्हणे भाऊसाहेब, मिक्स म्हणजे आज हे, उद्या ते. डेमोच्या पोत्यात काय होतं हेही शेवटी सांगितलं त्यानं. बाभळीच्या ढलप्या, आरा मशीनवरून आणलेल्या. फिटरभौ, तुमच्या तोंडात साखर.

मंग गोठ्यामागं बाबांनी १९९५ च्या आसपास बांधलेला दीनबंधू पद्धतीच्या गोबरगॅसचा घुमट आहे, वीस वर्षं बंद, वर कोंबड्या बसतात. तो उकरला. शेणामातीची ताई, तुमच्या सांगलीच्या दिरांची आठवण काढत काढत आतलं वाळलेलं उपसलं. आत उतरण्याआधी चार दिवस झाकण उघडं ठेवलं अन् गावातल्या म्हाताऱ्या गवंड्यानं आधी टोपलीत कोंबडी खाली सोडून पाहिली, ती वर आल्यावर तिनं सगळ्यांकडे असं पाहिलं की काही विचारू नका. एक भेग होती, बुजवली. शेण अन् पाणी सारखं कालवून भरलं. पहिला गॅस पेटलाच नाही, गवंडी म्हणे सोडून द्या, तो नुसताच वारा असते. एकविसाव्या दिवशी पेटला. चार जनावरांचं शेण पन्नास किलो निघायला पाहिजे पण बैल दिवसभर वावरात, घरी पस्तीसच्या वर जात नाही. तरी सकाळचा चहा, भाजी अन् भाकरी होते. संध्याकाळी सिलिंडर.

पऱ्हाटीचं म्हणाल तर जिनिंगच्या रस्त्याला ब्रिकेटवाला (काडीकचरा दाबून जळणाच्या कांड्या करणारा) आहे, त्याची श्रेडर लावलेली ट्रॉली चार शेतकऱ्यांनी मिळून बोलावली. तोडायचं काम त्याचं, भाव अगदीच किरकोळ, पण जानेवारी संपेस्तोवर वावर साफ. दोन एकरांतली तोडून जमिनीतच पसरली, काळी आईंच्या नावानं. तुराट्या चुलीलाच ठेवल्या, पाणी तापवायला. संत्र्याची सल मात्र अजून तशीच पडून आहे, तिचं काय करावं ते सुचलं नाही.

एक विचारायचं होतं. शेगडी मधूनच भपभप करते, ज्योत उड्या मारते. भेग पुन्हा पडली असेल का?

शेणामातीची
भेग नाही ओ, पाइपात पाणी साचलंय. गॅसबरोबर वाफ येते ती थंड होऊन सखल जागी बसते. पाइप जिथे सगळ्यात खाली झुकलाय तिथे टी टाकून कॉक बसवा, आठवड्यातून एकदा उघडा, वाटीभर पाणी निघेल. आणि थंडीत गॅस कमी झाला तर घाबरू नका, कालवायला कोमट पाणी घ्या.

चिपाड
सल ठेवा वाळवून, हळद लावा दोन गुंठे, शिजवायला उपयोगी पडेल :)

टोच्या
आणि जावई?

धसकट
जावई गेल्या रविवारी येऊन गेले. शेणाचा काला त्यांनीच कालवला.